मुंबईच्या खुणा, दिल्लीच्या खुणा, काठमांडूच्या खुणा : भाषा एक की अनेक?

सह्यकडा

सांकेतिक भाषेच्या वर्गात नवा माणूस आला की पहिल्या आठवड्यात हमखास विचारतो, "ही मराठी खुणांची भाषा की हिंदी?" बोलली जाणारी भाषा आधी आणि तिच्यावर बेतलेल्या खुणा नंतर, हा क्रम त्याच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. म्हणजे पुण्यात मराठी खुणा, सुरतेत गुजराती, हुबळीत कानडी. प्रत्यक्षात पुण्याचा कर्णबधिर तरुण सुरतेच्या तरुणाशी मनसोक्त गप्पा मारतो आणि त्या गप्पांत ना मराठी असते ना गुजराती. त्या दोघांच्या आया भेटल्या तर त्यांना मात्र हिंदीचा आधार घ्यावा लागतो.

बरं, मराठी-गुजराती ही सीमा नव्हे, मग सीमा आहे तरी कुठे? वाघा बॉर्डरवर? नेपाळच्या वेशीवर? की मुंबई आणि दिल्लीच्या मध्येच कुठेतरी? वाचायला लागलो तर बराच गुंता निघाला, म्हणून हा धागा.

१९७० च्या दशकात मदन वसिष्ठ (हे स्वतः कर्णबधिर, हिमाचलातून अमेरिकेतल्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठात शिकायला गेलेले), अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जेम्स वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूर इथल्या खुणा गोळा केल्या. तोवर इथल्या शाळांचं मत असं होतं की भारतात अशी भाषाच नाही, पोरं नुसते हातवारे करतात. तुलना केल्यावर चारही शहरांतल्या सुमारे ७५ टक्के खुणा एकमेकींशी नातं सांगणाऱ्या निघाल्या. पुढे १९९३ मध्ये वुडवर्ड यांनी भारत, पाकिस्तान आणि नेपाळ अशी तुलना केली. तिथे आकडा ६२ ते ७१ टक्के आला आणि त्यांनी निष्कर्ष काढला : या वेगवेगळ्या भाषा, पण एकाच घराण्यातल्या.

मग २००० मध्ये उलरिके झेशान या जर्मन भाषाशास्त्रज्ञ बाईंचं काम प्रसिद्ध झालं. कराची आणि दिल्ली दोन्हीकडे राहून, लोकांची बोलणी चित्रित करून त्यांनी दाखवलं की शब्दांत फरक आहे, व्याकरण मात्र तेच. म्हणून त्यांनी 'इंडो-पाकिस्तानी सांकेतिक भाषा' असा एकच शब्द वापरला.

मला झेशानबाईंचं पटतं. शब्द काय, पुढच्या तालुक्यात बदलतात. वाक्य बांधायची रीत इतक्या सहजी बदलत नाही. पण इथे ही भाषा रोज वापरणारी मंडळी आहेत. तुम्हाला मुंबई-दिल्लीत किती फरक जाणवतो? सीमेपलीकडच्या कुणाशी बोलणं झालंय का?

अक्षरवेडा

धागा झकास. आकड्यांकडे मात्र जरा तिरक्या नजरेने बघा.

ही टक्केवारी काढतात कशी? मॉरिस स्वदेश या भाषाशास्त्रज्ञाने बोलल्या जाणाऱ्या भाषांच्या तुलनेसाठी मूलभूत शब्दांची एक यादी केली होती. वुडवर्ड यांनी ती सांकेतिक भाषांसाठी छाटून १०० शब्दांवर आणली. त्यातून अवयव आणि सर्वनामं काढून टाकली, कारण 'नाक' म्हणजे नाकाला बोट आणि 'तू' म्हणजे समोरच्याकडे बोट, हे जगात बहुतेक ठिकाणी तसंच. ते शब्द ठेवले असते तर मराठवाडा आणि मेक्सिको सख्खे भाऊ निघाले असते. उरलेल्या खुणा शेजारी शेजारी ठेवायच्या, हाताचा आकार, जागा, हालचाल बघायची आणि नातं आहे की नाही ते ठरवायचं. ढोबळ नियम असा, की ८१ टक्क्यांच्या वर नातं दिसलं तर एका भाषेच्या बोली, ३६ ते ८१ मध्ये असेल तर एका घराण्यातल्या वेगळ्या भाषा.

आता गंमत बघा. ही रेषा काटेकोर लावली तर ७५ टक्के मिळवणारी मुंबई आणि दिल्लीसुद्धा वेगवेगळ्या भाषांची गावं ठरतात! तरी त्या चार शहरांना एकाच भारतीय सांकेतिक भाषेची रूपं मानलं गेलं. म्हणजे ७५ ला एक भाषा आणि ७१ ला तीन. मधल्या चार टक्क्यांत पासपोर्ट बसलाय असं कुणी म्हटलं तर उत्तर देणं अवघड जाईल.

दुसरी अडचण अशी की 'जेवणे' दाखवायला हात तोंडाकडेच जाणार. दोन खुणा सारख्या दिसल्या म्हणजे त्या एका मुळातून आल्या, की एकीने दुसरीकडून उचलली, की दोघींना स्वतंत्रपणे तेच सुचलं, हे यादी सांगू शकत नाही. तेव्हा ६२ काय आणि ७१ काय, दिशा कळते. निकाल देता येत नाही.

टवाळ_पोर

एक अडाणी प्रश्न. सगळं हातानेच दाखवायचंय तर अख्ख्या जगाची एकच भाषा का नाही? भांडणच मिटलं असतं की.

बोलके_हात

मी जन्मापासून कर्णबधिर. मराठी माझी दुसरी भाषा आहे.

टवाळ, तुमची जीभ जपानी माणसासारखीच आहे ना? मग तुम्हाला जपानी का येत नाही? 🙂

इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे लोक इंग्रजी बोलतात, पण तिथल्या सांकेतिक भाषा एकमेकांना कळत नाहीत. कारण साधं आहे. १८१७ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डला शाळा निघाली तेव्हा शिकवायला लॉरां क्लेर्क आले. ते फ्रान्सचे, कर्णबधिर. त्यांच्यासोबत फ्रेंच खुणा गेल्या. इंग्लंडमधून तसा शिक्षक गेला असता तर आज चित्र वेगळं दिसलं असतं. जगासाठी एक भाषा करायचा प्रयत्नही झाला. १९७५ मध्ये 'जेस्टुनो' नावाने सुमारे १५०० खुणांचं पुस्तक निघालं. ते कुणाची बोलायची भाषा झालं नाही. परिषदांमध्ये आता 'इंटरनॅशनल साइन' चालते, पण ती बरीचशी तिथल्या तिथे जुळवून घ्यायची असते.

सह्यकडा यांच्या प्रश्नाबद्दल. कराचीतल्या काही जणांशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. सुरुवातीला थोडं अडखळतं, मग गाडी रुळावर येते. अडतं कुठे? वार, महिने, रंग, गावांची नावं. आणि बोटांनी अक्षरं काढायची वेळ आली की दोघेही हसतो, कारण ते उर्दू अक्षरं दाखवतात आणि मी इंग्रजी. पण गोष्ट सांगायची पद्धत, चेहरा, 'नाही' कुठे टाकायचं, हे सगळं ओळखीचं. काठमांडूच्या माणसाशी त्याहून जास्त अडतं. अमेरिकन माणूस भेटला तर जवळजवळ शून्यातून सुरुवात.

आमच्या बऱ्याच खुणांचं मूळ रस्त्यावर आहे. बाई म्हणजे नाकपुडीला बोट, तिथे नथ असते म्हणून. पुरुष म्हणजे मिशी. 'चल', 'थांब', 'किती', 'पैसे', 'वेडा आहे' हे हात भाजीवाला आणि रिक्षावालाही करतात, मुंबईतही आणि पलीकडेही. कर्णबधिर लोकांनी तेच हात उचलले, त्यांना नियम लावले, त्यातून आणखी शब्द केले.

एक सावधगिरी. आम्ही एकमेकांना समजून घेतो यावरून लगेच 'एकच भाषा' असा निष्कर्ष काढू नका. आमचं आयुष्य ऐकणाऱ्या माणसांना समजावण्यात जातं. समोरच्याला कळलं नाही तर दुसऱ्या पद्धतीने सांगायची सवय आम्हाला लहानपणापासून असते. दोन कर्णबधिर माणसं तासाभरात एकमेकांचं बोलणं जुळवून घेतात ते या कसबामुळे. त्यात भाषा किती सारखी आणि कसब किती, हे वेगळं काढणं कठीण आहे.

मास्तरीणबाई

बोलके_हात यांनी क्लेर्कचं उदाहरण दिलं तिथेच माझ्या मते सगळ्या प्रश्नाची मेख आहे. सांकेतिक भाषेची सीमा बघायची असेल तर नकाशावर राज्यं शोधू नका, शाळा शोधा.

बोलली जाणारी भाषा आईकडून मुलाकडे जाते. इथे तसं नाही. बहुसंख्य कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकणारे असतात. त्यांना खुणांची भाषा येत नसते. मूल भाषा शिकतं ते शाळेत, आणि शाळेतही वर्गात नाही, वसतिगृहात. मोठ्या मुलांकडून, दिवे मालवायच्या आधी.

वर्गात का नाही, तर वर्गात बंदी होती. १८८० मध्ये मिलानला शिक्षकांची परिषद झाली आणि तिथे ठरलं की मुलांना फक्त बोलायला शिकवायचं, हात वापरू द्यायचे नाहीत. मुंबईत माझगावला बिशप म्यूरिन यांच्या पुढाकाराने देशातली पहिली शाळा निघाली ती १८८५ च्या सुमारास, म्हणजे मिलानचं वारं ऐन जोरात असताना. कोलकात्याची शाळा १८९३ ची. पुढे आपल्याकडे निघालेल्या बहुतेक शाळांनी ओठ वाचणे आणि उच्चार काढणे यावरच भर दिला. मी नोकरीला लागले त्या शाळेतसुद्धा (नाव घेत नाही) मुलांना हात पाठीमागे बांधून उभं राहायला सांगत. घंटा झाली की तीच मुलं मैदानात अशी काही सुटायची! आम्ही बायका खिडकीतून बघायचो आणि आम्हाला काही म्हणजे काही कळायचं नाही.

याचा परिणाम असा झाला की प्रत्येक वसतिगृहाची आपापली भर पडली. एकाच शहरातल्या दोन शाळांच्या मुलांच्या खुणा वेगळ्या असायच्या. एकाच शाळेतल्या पंधरा वर्षं अंतराच्या दोन तुकड्यांच्याही. मग हीच मुलं मोठी होऊन संघटनांमध्ये, क्रिकेट सामन्यांना, लग्नांना भेटतात आणि तिथे घासून घासून भाषा एकसारखी होते. मुंबईत लोकलचा अपंगांचा डबा हीसुद्धा तशीच जागा. ॲनेलिस कुस्टर्स या कर्णबधिर मानवशास्त्रज्ञ बाईंनी त्या डब्यातल्या भेटीगाठींवर अभ्यास केलाय. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, आणि विरार ते चर्चगेट अखंड गप्पा.

टवाळ_पोर

हे कधी लक्षातच आलं नव्हतं. बाई, अजून लिहा.

इंद्रायणी_काठ

माझे आई आणि बाबा दोघेही कर्णबधिर. मी ऐकू येणारी, त्यामुळे माझी पहिली भाषा हातांची आणि दुसरी मराठी, जी मी आजीकडे शिकले. आता दुभाषी म्हणून काम करते. व्याकरणाचं बोलणं निघालंय तर चार ओळी.

प्रश्नवाचक शब्दांचं बघा. मराठीत काय, कोण, कुठे, कधी, किती असे वेगवेगळे शब्द आहेत. भारतीय सांकेतिक भाषेत बऱ्याच जणांच्या हातात 'काय' ही एकच मूळ खूण असते आणि बाकीचे शब्द तिच्यापासून बनतात. चेहरा आणि काय म्हणजे कोण. जागा आणि काय म्हणजे कुठे. वेळ आणि काय म्हणजे कधी. संख्या आणि काय म्हणजे किती. आणि हा शब्द येतो वाक्याच्या शेवटी. 'तुझं गाव जागा काय', 'तू कामाला वेळ काय'. नकारही शेवटीच. 'आहे' हे क्रियापद नाही. काम पुरं झालं हे सांगायला क्रियापदानंतर 'झालं'ची खूण येते : 'मी जेवण झालं'. हो-नाहीचा प्रश्न असेल तर शब्द तेच राहतात, भुवया वर जातात आणि डोकं किंचित पुढे येतं. भुवया हलल्या नाहीत तर ते विधान. नवे विद्यार्थी हात अगदी सुरेख हलवतात आणि चेहरा दगडासारखा ठेवतात, तेव्हा माझी आई वैतागते.

झेशानबाईंनी कराची आणि दिल्लीत एकच म्हणून दाखवलं ते हे असलं सगळं. दिल्लीच्या एका कार्यक्रमात मी पहिल्यांदा काम केलं तेव्हा मला कितीतरी खुणा नवीन होत्या, पण वाक्य कुठे संपलं आणि प्रश्न कुठे सुरू झाला यात एकदाही गडबड झाली नाही.

आणि सह्यकडा, मराठी या भाषेत अजिबात नाही असंही नाही. हात चालू असताना ओठही हलतात. बाबा 'उद्या' दाखवताना ओठांनी 'उद्या' म्हणतात. त्यांचे मुंबईचे गुजराती मित्र 'काले' म्हणतात. हात तोच, ओठ वेगळे.

सीमावासी

इंद्रायणीताई, ओठांचं अगदी बरोबर. मी बेळगावचा. आमच्याकडे कर्णबधिर मंडळींच्या एका कट्ट्यावर एकाच खुणेबरोबर कुणाच्या ओठांवर कानडी शब्द असतो, कुणाच्या मराठी, आणि शाळा इंग्रजीत झालेल्याच्या ओठांवर इंग्रजी. माझा चुलतभाऊ त्यातला. सीमाप्रश्नावर गावात दोन बाजू आहेत, कट्ट्यावर पण आहेत, भांडतातसुद्धा. पण भांडतात एकाच भाषेत.

फरक जाणवतो तो बंगळूरला शिकून आलेल्या आणि मिरज-कोल्हापूरकडे शिकलेल्या माणसांत. परत शाळाच. मास्तरीणबाईंचा मुद्दा पटला.

नागपुरी_संत्रा

सगळं मस्त चाललंय, पण एका गोष्टीवर कोणी बोलून नाही राहिलं. दिल्लीत २०१५ ला भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र झालं. त्यांचा शब्दकोश आला : २०१८ ला ३०००, २०१९ ला ६०००, २०२१ ला १०,००० शब्द. चांगलं काम आहे, नाही कोण म्हणते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तर लिहूनच टाकलं की देशभर भाषेचं प्रमाणीकरण करायचं.

पण बावा, प्रमाण म्हणजे कोणाचं? आमच्या इकडच्या जुन्या लोकांच्या वारांच्या न् नात्यांच्या खुणा वेगळ्या आहेत. नवीन पोरं मोबाईलवर व्हिडिओ पाहून येतात आणि म्हाताऱ्यांना सांगतात, "काका, तुमचं चूक आहे." माझ्या मोठ्या भावाला असं एका पोराने भर कार्यक्रमात सांगितलं. चाळीस वर्षं जी भाषा बोलला ती चूक? वऱ्हाडीला पुण्यात जे ऐकावं लागते तेच हे. फक्त हातांनी.

बोलके_हात

संत्रा, तुमच्या भावाचं दुःख मला कळतं. माझ्या वडिलांच्या वयाच्या लोकांशी मी त्यांच्याच खुणांनी बोलतो.

पण दुसरी बाजू सांगतो. मी बारावीला होतो तेव्हा 'प्रकाशसंश्लेषण', 'लोकसभा', 'व्याजदर' यांना खूण नव्हती. प्रत्येक वेळी अक्षरं काढा किंवा चित्र काढा. कोर्टात दुभाषी 'जामीन' कसं दाखवणार? असे शब्द ठरवावेच लागतात आणि ते देशभर एक असले तर माझा फायदा आहे. त्या शब्दकोशात कायद्याचे, वैद्यकीय, शिक्षणाचे, शेतीचे शब्द आहेत आणि वेगवेगळ्या भागांतल्या खुणाही घेतल्या आहेत. कोश तयार करणाऱ्यांनी 'हे चूक' असं म्हटलेलं नाही. शिकवणारे एकच पर्याय शिकवतात आणि शिकणाऱ्याला वाटतं तेवढाच बरोबर.

रोजच्या शब्दांना हात लावायची गरज नाही, हे माझं मत. सोमवार दोन तऱ्हेने दाखवला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

सह्यकडा

यात अजून एक दिसतं. तीन देशांतलं अंतर पूर्वी आपोआप वाढायचं किंवा कमी व्हायचं. आता देश ते ठरवून वाढवतायत. २०२१ पासून मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत ही भाषा दहावीला विषय म्हणून घेता येते. डीटीएचवर पीएम ई-विद्याची स्वतंत्र वाहिनी आहे. कराचीतली मुलं ती बघणार नाहीत, त्यांचे व्हिडिओ वेगळे. वीस वर्षांनी वुडवर्ड यांचीच यादी घेऊन कुणी मोजलं तर भारतातल्या शहरांचा ७५ चा आकडा वाढेल आणि तीन देशांचा ६२-७१ चा आकडा खाली येईल असं मला वाटतं.

पोखराकर

नावावर जाऊ नका, मी सांगलीचा. नेपाळमध्ये काही वर्षं एका संस्थेत नोकरी केली, म्हणून लिहितोय.

सह्यकडा म्हणतायत तसं ठरवून वेगळं होणं नेपाळमध्ये केव्हाच झालंय. काठमांडूला कर्णबधिर मुलांची पहिली शाळा १९६६ मध्ये निघाली, म्हणजे मुंबईच्या कितीतरी नंतर. पण तिथल्या संघटनांनी लवकर एक गोष्ट केली. देवनागरीची बोटलिपी बनवली, एका हाताची. आपल्याकडे गप्पांत चालते ती दोन हातांची इंग्रजी वर्णमाला, ब्रिटिश पद्धतीची. आपल्याकडेही देवनागरीसाठी बोटांचे संच बनले आहेत, पण ते रोजच्या वापरात फारसे रुळले नाहीत. नेपाळात रुळले. नव्या शब्दांसाठी नेपाळी शब्दाच्या पहिल्या अक्षराचा हात घ्यायचा आणि त्याला हालचाल द्यायची, अशा खुणा तिथे भरपूर तयार झाल्या. म्हणून मराठी माणसाला लिपी वाचता येते पण बोटं वाचता येत नाहीत. आणि त्या अक्षरांवर उभ्या असलेल्या खुणा भारतीय कर्णबधिर माणसालाही बंद राहतात. बोलके_हात यांना काठमांडूशी जास्त अडतं ते बहुधा याचमुळे.

मला भेटलेल्यांपैकी जे दिल्ली-मुंबईत कामाला राहून आले होते ते दोन्ही भाषा सहज वापरत. समोर कोण आहे ते बघून हात बदलत.

आणि 'नेपाळी सांकेतिक भाषा' ही काठमांडूची आणि शाळांची. डोंगरात जुमला, घांद्रुक अशा ठिकाणी अभ्यासकांना वेगळ्या स्थानिक सांकेतिक भाषा सापडल्या आहेत. जिथे पिढ्यान्‌पिढ्या कर्णबधिर माणसं जन्मली तिथे गावानेच भाषा घडवली.

अक्षरवेडा

पोखराकर, याच जातीचं उदाहरण आपल्या शेजारी आहे. कर्नाटकात चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात अलीपूर. मुस्लिम वस्तीचं गाव, नात्यात लग्नं, आनुवंशिक बहिरेपण. दहा हजारांच्या आसपास वस्ती आणि त्यात दीडशेच्या आसपास कर्णबधिर. सिबाजी पंडा या कर्णबधिर अभ्यासकाने तिथल्या भाषेचं दस्तऐवजीकरण केलं. तिथे ऐकणारे लोकही खुणांनी बोलतात, दुकानात, घरात, लग्नात. त्यामुळे कर्णबधिर माणूस गावात एकटा पडत नाही. आपल्या शहरांत याच्या बरोबर उलट.

आणि ही भाषा भारतीय सांकेतिक भाषेची बोली नाही, वेगळी आहे. म्हणजे बंगळूरपासून काही तासांवरचं गाव 'परभाषिक' आणि कराची जवळजवळ 'स्वभाषिक'. सह्यकडा, तुमच्या 'सीमा कुठे' या प्रश्नाचं याहून विचित्र उत्तर मिळणार नाही.

आता तिथली मुलं शहरातल्या शाळांत शिकून येतात आणि येताना बंगळूरच्या खुणा घेऊन येतात. म्हातारी माणसं जुनी भाषा, तरुण मिसळ. गावची भाषा हळूहळू मागे सरते आहे. तिला धोका कानडीचा नाही, इंग्रजीचाही नाही. तिची मोठी शेजारीण भारतीय सांकेतिक भाषाच आहे, जिला आपण इथे लहान आणि दुर्लक्षित म्हणून कैवार घेऊन बसलोय.

टवाळ_पोर

बांगलादेश राहिला ना? तिकडे आणि कोलकात्यात एकच असेल. बोलायची भाषा एकच आहे म्हणून विचारतो.

मास्तरीणबाई

टवाळ, एवढं वाचूनही बोलायच्या भाषेवरूनच निघालास! बांगलादेशात तिला बांगला इशारा भाषा म्हणतात आणि ७ फेब्रुवारी हा तिचा दिवस असतो. एकुशे फेब्रुवारीच्या, म्हणजे २१ फेब्रुवारीच्या भाषा दिनाच्या महिन्यातच, हे लक्षात घे. भाषेसाठी झगडलेला देश आहे, त्यांनी खुणांच्या भाषेलाही 'बांगला' म्हटलं यात नवल नाही. पण नाव दिल्याने कोलकाता आणि ढाका एक होत नाहीत. कोलकात्याची मुलं आज दिल्लीचा कोश बघून शिकतात, ढाक्याची ढाक्याचा.

नागपुरी_संत्रा

बाई, मग आमच्या जुन्या खुणांचं काय करायचं ते तरी सांगा. भाऊ साठीच्या पुढं आहे. त्याच्या बरोबरचे चार-पाच जण उरले.

मास्तरीणबाई

त्यांचं चित्रण करा, आणि या महिन्यातच करा. फोन आडवा धरा, कंबरेपासून डोक्याच्या वरपर्यंत सगळं दिसलं पाहिजे, चेहरा अंधारात नको. मागे साधी भिंत. एकेक शब्द विचारत बसू नका. दोघांना समोरासमोर बसवा आणि वसतिगृहातली एखादी खोडी सांगायला लावा, जुन्या खुणा आपोआप बाहेर येतात. तुम्ही प्रश्न विचाराल तर ते तुमच्यासाठी सोपं करून दाखवतील.

बोलके_हात

आणि चित्रण करणारा कर्णबधिर असेल तर उत्तम. ऐकणारा माणूस समोर दिसला की आमची भाषा बदलते. मी डिसेंबरमध्ये नागपूरला येतोय, तोवर थांबलात तर मीच करतो. फाइलच्या नावात माणसाच्या गावासोबत शाळा आणि शाळा सोडल्याचं वर्ष टाका. नुसतं 'नागपूर' लिहिलं तर पुढे अभ्यास करणाऱ्याला त्यातून काहीच कळणार नाही.

नागपुरी_संत्रा

या, या. भावाला सांगतो. तो आतापासूनच मिशी कोरत बसंल.